आरसेबाईंचं टेबल

माझ्या समोरच्या टेबलावर आरसेबाई बसू नयेत, ही माझी फार जुनी इच्छा होती. लोक घर मागतात, पगारवाढ मागतात. मी फक्त समोरचं टेबल रिकामं मागत होतो. एके दिवशी ते खरंच रिकामं झालं, आणि तेव्हापासून माझी जी फजिती सुरू झाली तिची ही हकीकत.

आमचा कारखाना कवळ्यांचा. चपलांच्या दुकानाच्या वरचा मजला, अरुंद जिना, आणि जिन्यावर आमच्याच पावलांचे प्लॅस्टरचे पांढरे ठसे. पहिल्या खोलीत प्लॅस्टर, मधल्या मोठ्या खोलीत मेणाची टेबलं, मागच्या खोलीत उकळत्या पाण्याची भांडी आणि पॉलिशची चाकं. दातांचे डॉक्टर आमच्याकडे हिरड्यांचं माप पाठवतात. त्यात प्लॅस्टर ओतून आम्ही हिरड्या बनवतो, त्यांच्यावर मेण चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. ही मेणाची कवळी डॉक्टर माणसाच्या तोंडात घालून बघतात आणि परत पाठवतात. मेण आहे तोवर दात हवा तसा हलवता येतो. एकदा कवळी पक्की झाली, की मग ज्याचं तोंड त्याचं नशीब.

मेणाच्या खोलीचा मुख्य मी. दोन्ही जबडे लोखंडी सांगाड्यात अडकवायचे, उघडमीट करायची, मध्ये निळा कागद धरायचा, जिथे डाग जास्त उमटेल तिथे खरवडायचं. वरचा दात खालच्या दातावर नेमका बसला पाहिजे. माझी कवळी लावून माणूस कच्चं गाजर खाऊ शकतो. कारखान्यातले लोक माझ्या पाठीमागे मला 'फूटपट्टी' म्हणतात. मला ते माहीत आहे. त्यात वाईट काय आहे ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

आरसेबाईंचं कामही तेच, दात बसवायचं. त्यांच्या टेबलावरही पट्टी होती, पण ती पाठ खाजवायला. मापाऐवजी त्या माणसाची चौकशी करायच्या. नवीन मापाचा ट्रे आला की आधी डॉक्टरला फोन. "डॉक्टर, हे आजोबा शिट्टी वाजवतात का हो? नाही? मग पूर्वी वाजवायचे का? आणि त्या दुसऱ्या आजी रागावल्या की ओठ कुठल्या बाजूला जातो?" डॉक्टर बिचारे दाढा उपटायच्या सोडून आठवत बसायचे. मग बाई टेबलावरचा स्टँडचा गोल आरसा पुढे ओढायच्या आणि त्या माणसाचा चेहरा करायला लागायच्या. गाल आत, भुवया वर, ओठ वाकडा. तो चेहरा जमला की त्यातच राहून दात बसवायच्या, आणि तेही आवाजासकट. मी इकडे केसाएवढ्या फरकासाठी डोळे फोडतोय, आणि समोर एक बाई निवृत्त हवालदाराचा चेहरा करून "ए, गाडी बाजूला घे!" म्हणून ओरडतेय. एकदा वीजमीटर बघायला आलेला माणूस त्यांना झटका आला समजून पाण्याचा तांब्या घेऊन धावला. बाईंनी पाणी पिऊन घेतलं, त्याला त्याच हवालदाराच्या आवाजात "शाब्बास" म्हटलं आणि कामाला लागल्या.

त्या कारखान्यात आल्या त्याच मुळी भांडायला. त्यांच्या आईची कवळी आम्ही केली होती. आम्ही म्हणजे मीच. एक दिवस ती कवळी रुमालात गुंडाळून बाई जिना चढून वर आल्या आणि थेट थोरल्या मालकांच्या टेबलावर ठेवली.

"ही परत घ्या."

"का? चावत नाही का?" मालकांनी विचारलं.

"चावते हो. पण आई हसली की शेजारीण हसल्यासारखी वाटते. घरात कोणाला करमेना झालंय."

मी पुढे होऊन त्या कवळीत एक रेषभर खोट नाही हे पट्टी लावून दाखवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोरल्या मालकांनी मेणाचा एक गोळा आणि दातांची पेटी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "मग तुमची आई कशी हसते ते दाखवा." त्या बसल्या, स्वतःच्या आईचा चेहरा केला, आणि पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढवून, मधे बारीक फट ठेवून अशी काही ओळ लावली की मला ती बघवेना. मालक मात्र हसत सुटले. दुसऱ्या दिवशी माझ्या समोरच्या टेबलावर आरसा आला आणि आरशामागे बाई.

आता हेही सांगतो, की आईची ती नवी कवळी पहिल्याच दिवशी बोलता बोलता निसटून चहाच्या कपात पडली. दिसायला आई, पण चाव्याचा पत्ता नाही! मालकांनी ती हळूच माझ्याकडे आणली. "बाईंची नजर चांगली आहे रे, पण हात कच्चा आहे. तू जरा बघ. आणि तिला बोलू नकोस, नवीन आहे." मी बघितलं, घासलं, चावा जमवला. कवळी पुन्हा कधी पडली नाही.

तेव्हापासून तो पायंडाच पडला. बाईंचे ट्रे मालक स्वतः माझ्याकडे आणायचे, नेहमी बाई जेवायला गेल्यावर. "तू जरा बघ." मी बघायचो. जास्तच वाकडा दात दिसला की थोडा सरळही करून टाकायचो. बाई नवीन होत्या त्याच्या जुन्या झाल्या, त्यांच्या आरशाची फ्रेम बदलली, माझा चष्मा बदलला, तरी मी बघतच होतो. जिना उतरताना मी मनात म्हणायचो, मी आहे म्हणून या बाईची नोकरी टिकून आहे. असं वाटण्यातही एक सुख असतं, ते मी कशाला नाकारू?

माझ्या कामात एकच गोष्ट खटकायची. माझी मेणाची कवळी डॉक्टरांकडे जाऊन परत आली, की कधीकधी एखादा पुढचा दात हललेला दिसायचा. किंचित वळलेला, किंचित खाली आलेला. डॉक्टर लोक तोंडात घालून बघताना बोटं लावतात, त्यांना मापातलं काय कळतंय, असं म्हणून मी दात-ओठ खात सोडून द्यायचो.

असं सगळं मार्गी लागलेलं असताना थोरल्या मालकांचे स्वतःचे उरलेसुरले दात पडले. कवळ्यांचा मालक आणि तोंडाचं बोळकं! ते तोंडावर रुमाल धरून बसायला लागले, मग यायचेच बंद झाले, आणि कारखाना त्यांच्या मुलीनं हातात घेतला. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई मनानं फार चांगली. ती मला काका म्हणते, बाईंना मावशी म्हणते, आणि कोणाचंही मन दुखावू नये म्हणून जीव टाकते. त्यामुळेच घोटाळा झाला.

ताईनं आल्याआल्या एक प्रशिक्षक बोलावला. त्यानं भिंतीवर कापडी फलक लावला: 'प्रत्येकाचा विचार वेगळा, प्रत्येकाचा सन्मान'. मग सगळ्यांना एकाच मापाचे, एकाच रंगाचे बनियनसारखे सदरे वाटले. प्लॅस्टरवाल्याचं पोट निम्मं बाहेर राहिलं आणि पॉलिशवालीचा सदरा गुडघ्यापर्यंत आला. छातीवर लिहिलं होतं, 'मी जसा आहे तसा'. पॉलिशवालीनं "मी जशी आहे तशी कुठे लिहिलंय?" विचारलं, तर तो म्हणाला ती छपाई महाग पडते.

मग परीक्षा. शिस्तीचे लोक निळे, धडाडीचे लाल, कल्पनेचे पिवळे, माणसं जोडणारे हिरवे. प्रश्नाचं उत्तर दिलं की रंगाचा बिल्ला मिळणार. मला पहिल्याच प्रश्नाला निळा मिळाला. प्रशिक्षक म्हणाला, "सर, तुम्ही तर गडद निळे आहात." मी बिल्ला सरळ रेषेत लावला.

आरसेबाईंची पाळी आली. "घरी अचानक पाहुणे आले तर तुम्ही काय कराल?"

"कोणाकडचे पाहुणे?" बाई म्हणाल्या. "माझ्या माहेरचे की यांच्याकडचे?"

"समजा कुठलेही."

"असं कसं समजू? माझी आत्या आली तर ती दारातच रडते." आणि त्यांनी दारात रडणारी आत्या करून दाखवली. "यांचे काका आले तर ते आधी पंखा कुठेय ते बघतात." लगेच पंखा शोधणारे काका. खोली हसून लोटपोट. प्रशिक्षकानं घाम पुसला. "बाई, एकच उत्तर द्यायचंय."

"पाहुणे एकच आले तर देते ना," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यानं हात टेकले आणि त्यांना हिरवा बिल्ला देऊन टाकला. माणसं जोडणाऱ्या.

दुसऱ्या आठवड्यात ताईनं मला बोलावलं. तिच्यापुढे रंगीत कागद होता. "काका, प्रत्येकाच्या स्वभावाचा मान ठेवायचा असं मी ठरवलंय. निळ्यांना शांतता हवी असते. हिरव्यांना माणसं हवी असतात. म्हणून मेणाच्या खोलीत आता फक्त निळे. मावशींना मी पुढे फोनवर बसवते, त्यांना बोलायला आवडतं ना! आणि मधे काचेचं पार्टिशन टाकते. मेणाचं सगळं काम तुमच्या पद्धतीनं. चालेल?"

चालेल? मी इतकी वर्षं श्वास रोखून याच वाक्याची वाट बघत होतो. मी फक्त म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. माझ्या चेहऱ्यावर तसंही काही दिसत नाही. आमच्या सौभाग्यवतींची लग्नापासूनची तक्रार आहे, की यांना हसू आलं तर ते आतल्या आत कुठेतरी जमा होतं.

आरसेबाईंनी पर्स उचलली आणि पुढे फोनच्या टेबलाशी जाऊन बसल्या. आरसा इथेच राहिला. फोनजवळ ठेवायला जागा नव्हती.

पहिले काही दिवस काय सांगू! सुया पडल्या तरी ऐकू याव्यात अशी शांतता. मी, माझा निळा कागद आणि माझे दात. पहिल्या दिवशी तर आनंदाच्या भरात मी डबा वेळेआधीच उघडला.

मग डॉक्टरांचे निरोप यायला लागले. तक्रार कशाची, तर कशाचीच नाही. "कवळी उत्तम आहे. चावते छान. पण पेशंट म्हणतात, तोंडात घालवत नाही." दुसरे म्हणाले, "आजी म्हणतात, माझी नात मला अहोजाहो करायला लागली." मी म्हटलं, कवळी चावायला असते, नातीला मी काय करू?

पण घाव बसला तो बागेत. संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो होतो. समोरच्या बाकड्यावर काही म्हातारी मंडळी गप्पा मारत होती. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळे एकदम हसले. आमची ही थांबलीच. "अहो, ही सगळी सख्खी भावंडं आहेत का?"

मी बघितलं. सगळ्यांच्या तोंडात तीच ओळ. सरळ, गोरी, एकसारखी. माझीच.

"नाही," मी म्हटलं. "माझी गिऱ्हाइकं आहेत." आणि तिला घेऊन दुसऱ्या रस्त्यानं निघालो.

काचेपलीकडे आरसेबाई फोन घेत होत्या. फोनवर त्या वाईट नव्हत्या. लोक त्यांच्याशी इतकं बोलायचे की दुसऱ्याचा फोन लागायचाच नाही. पण चेहरा मात्र साधा, बाईंचा स्वतःचा. मी मान वर केली की काचेतून तोच एक चेहरा. हवालदार नाही, कोणाची सासू नाही, कोणी नाही. इतक्या वर्षांत मला त्यांचा स्वतःचा चेहरा नीट माहीतच नव्हता, आणि आता तो बघवत नव्हता. मला वाईट वाटायला लागलं होतं. कशाचं ते मी स्वतःला विचारलं नाही.

एक दिवस त्यांचे यजमान आले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, अंगानं आडवा, बोलायला अगदी कमी. कधी बाईंना न्यायला आलेच तर जिन्याखाली उभे राहायचे. त्या दिवशी ते वर आले, तेही बाई जेवायला गेलेल्या असताना, आणि आरसा उचलून पिशवीत घालायला लागले.

"घरी नेताय?" मी विचारलं.

"हो. ती म्हणते, महिनाअखेर सोडणार. मग सामान राहायला नको." पिशवीचा बंद त्यांनी दोनदा बांधला. मला वाटलं आता निघतील. पण ते बोलले. "ती घरी यायची ना, तर चेहरा तसाच राहिलेला असायचा. कामावर जो केला असेल तो. चहा होईपर्यंत. मुलं दारातच विचारायची, आई, आज कोण? आणि मग ओळखायचा खेळ." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आता कोणीच येत नाही. म्हणजे, तीच येते."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. त्या माणसानं वर्षभराचे शब्द माझ्यापाशी खर्च केले होते. टेबलावर आरशाच्या स्टँडचा गोल डाग राहिला होता, आणि मला कामात लक्ष लागेना.

मी म्हटलं, यात एवढं काय अवघड आहे? चेहरेच करायचे ना? दुसऱ्या दिवशी मी घरून हिचा हातआरसा, मागे फुलं असलेला, डब्याच्या पिशवीत लपवून आणला. एक ट्रे आला होता, एका माजी गायनशिक्षकांचा. आसपास कोणी नाही बघून मी आरसा ड्रॉवरमध्ये तिरका उभा केला, वाकलो, आणि गायनशिक्षकांचा चेहरा करायला लागलो. भुवया वर गेल्या, पण दोन्ही एकदम. ओठ ताणला तर दाढ दुखायला लागली. सूर लावल्यावर तरी काही होईल म्हणून मी "आऽऽ" केलं.

"काका!" मागून ताई ओरडली. "पाणी आणू? छातीत दुखतंय का?"

मी ड्रॉवर बंद केला, त्यात बोट चेमटलं, आणि खराखुरा "आऽऽ" निघाला. तो गायनशिक्षकांना नक्की आवडला असता. ताईनं मला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन घरी पाठवलं.

त्यानंतर लगेच थोरल्या मालकांच्या हिरड्यांचं माप आलं. हिरड्या भरून आल्या होत्या, आता कवळी बसवायची. ताई स्वतः ट्रे घेऊन आली. "काका, ही बाबांची. नव्या पद्धतीनं. तुमच्या हातची, अगदी नमुना म्हणून ठेवता येईल अशी."

मी जीव ओतला. खोटं सांगत नाही, तशी कवळी मी आयुष्यात केली नव्हती. मालक आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ती घ्यायला कारखान्यात आले. मालक खुर्चीवर बसले, कवळी घातली, आणि खिशातून एक गाजर काढलं. ते त्यांनी घरून आणलं होतं. कडाकड खाल्लं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मालक काकूंकडे बघून हसले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. पण मी याच्याशी लग्न केलं नव्हतं."

मालकांनी कवळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. रागावले नव्हते. "मापात आहे," बोळक्या तोंडानं ते म्हणाले. "आता नेहमीसारखी नवी कर."

"म्हणजे कशी?"

"मेणात कर आणि समोर दे."

"समोर कोणाला? तिथे कोणी बसत नाही."

मालकांनी रिकामं टेबल बघितलं, टेबलावरचा गोल डाग बघितला, काच बघितली. "बाई तिकडे काय करतेय?"

"मावशी फोनवर आहेत, बाबा," ताई म्हणाली. "त्यांच्या स्वभावाला साजेसं काम दिलंय."

"बोलव तिला."

आरसेबाई आल्या. मालकांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. "आता माझ्या तोंडात दातही नाहीत आणि कारखाना माझा राहिला नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. अरे, तुझ्याकडे मी बाईंचे ट्रे आणायचो ना? तू जरा बघ म्हणून?"

बाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "माझे ट्रे? यांच्याकडे?"

"तू गप्प. तुझ्याकडे याचे आणायचो. हा मागच्या खोलीत भांड्यांपाशी गेला की."

आता वळायची पाळी माझी. "माझे ट्रे? बाईंकडे?"

"तुला सांगायचो, हिचा हात कच्चा आहे. हिला सांगायचो, याचा हात कोरडा आहे. दोघंही अगदी मायेनं एकमेकांचं सुधारायचात. माझ्या कारखान्यातून एका हाताची कवळी कधी बाहेर गेलीच नाही."

माझ्या डोक्यात तो सगळा हललेल्या दातांचा इतिहास उभा राहिला. त्या बिचाऱ्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात काय काय बोललो होतो! "म्हणजे ते दात तुम्ही वाकडे करत होता?"

"आणि माझे तुम्ही सरळ करत होता?" बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, मेण गरमीनं सरळ होतं! मी मुलांनासुद्धा सांगितलंय तसं!"

"माझ्यामुळे तुमची नोकरी टिकली असं मी समजत होतो."

"अगं बाई! मी तर तुमची टिकवत होते. मी घरी यांना म्हणायचे, तो बिचारा मी नसते तर रस्त्यावर आला असता."

आम्ही दोघंही एकदम थोरल्या मालकांकडे वळलो आणि त्यांना अद्वातद्वा बोललो. असं फसवायचं? इतकी वर्षं? आमची काही किंमत आहे की नाही? बाईंचं वाक्य मी पुरं केलं, माझं बाईंनी. एवढ्या वर्षांत आमचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. मालक तोंडावर रुमाल न धरता, बोळकं पसरून हसत होते.

ताई मात्र रडवेली झाली. "बाबा, मी तर प्रत्येकाला मान दिला."

"दिलास ग. पण वेगवेगळ्या खोल्यांत दिलास," मालक म्हणाले. "एकाच ट्रेवर दे."

ताई उठली, बाहेर गेली आणि फोन बाजूला काढून ठेवून आली. दुसऱ्या दिवशी काच निघाली. त्याच सकाळी बाईंचे यजमान पिशवी घेऊन जिना चढून आले, आरसा त्याच गोल डागावर ठेवला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. शब्द संपलेले असावेत.

मालकांची कवळी पुन्हा मेणात घेतली. काकू समोर बसल्या होत्या. आरसेबाईंनी आरसा ओढला, डोळे मिटले, आणि चेहरा करायला लागल्या. डावा गाल वर, हनुवटी थोडी बाहेर, आणि मग वरचा ओठ असा काही उचलला गेला की प्लॅस्टरवाला हातातलं भांडं तसंच धरून उभा राहिला. बाईंच्या तोंडावर थोरले मालक हसत होते, दात असतानाचे, आम्हाला पगारवाढ नाकारताना हसायचे तसे. काकूंनी तोंडाला पदर लावला. "हाच," त्या म्हणाल्या. "असाच आला होता मला बघायला."

बाईंनी त्याच चेहऱ्यानं दात बसवले. कडेचा एक दात आत ढकललेला, एक किंचित वळलेला. मग उठून ट्रे माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्या अशा कधी आल्या नव्हत्या. "जरा बघा," म्हणाल्या.

मी बघितलं. चावा सुटलेला होता, तो जमवला. निळा कागद घातला, डाग बघितले, खरवडलं. मग माझा हात सवयीनं त्या वळलेल्या दाताकडे गेला. सरळ करावा? मी मान वर केली. समोर आरसेबाई आरशात बघून नवीन चेहरा करत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, एक डोळा बारीक, कपाळावर आठी, आणि हातात नसलेला निळा कागद उजेडाला धरलेला. जगातल्या सगळ्या वाकड्या गोष्टींवर नाराज असलेला एक माणूस.

"हा कोण?" मी विचारलं. "कोणाचा ट्रे आलाय?"

"ओळखा," बाई त्याच चेहऱ्यानं म्हणाल्या.

मागून पॉलिशवाली खुसखुसली आणि मला कळलं. मग माझ्या पोटातून काहीतरी वर आलं, अडवता आलं नाही, आणि मी हसलो. चांगला मोठ्यानं, तोंड उघडून.

"थांबा! तसेच थांबा!" आरसेबाई ओरडल्या. आरसा सोडून त्या माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या, आणि त्यांचा ओठ हळूहळू माझ्यासारखा व्हायला लागला. "हं. झालं. लक्षात राहिलं. तुमचे पडले की लागेल."

दात मी वळलेलाच ठेवला. कवळी पक्की झाल्यावर थोरल्या मालकांनी ती घालून आधी गाजर खाल्लं, मग काकूंकडे बघून हसले, आणि काकू अगदी नव्या नवरीसारख्या दुसरीकडे बघायला लागल्या.

घरी जाऊन मी हिला सगळं सांगितलं. हिचा आरसाही परत दिला. म्हटलं, आता माझे दात पडले तरी काळजी नाही, माझं हसू आरसेबाईंच्या लक्षात आहे. मला वाटलं, ही खूश होईल.

ती भांडी आवरता आवरता थांबली. "तुम्ही हसलात? तोंड उघडून?"

"हो."

"आणि ते त्यांनी पाहिलं, आणि मी नाही?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही. मग मी आरसेबाईंनी केलेला माझा चेहरा तिला करून दाखवला, आणि तो इतका वाईट झाला की आधी ती हसली, आणि तिच्याकडे बघून मी.